यंत्राचा सांधा आणि कामगाराचा हात
गिझर विकत घेणारा टाकीची चकाकी पाहतो. उपकरणाचे आयुष्य मात्र पुष्कळदा आतील तारेच्या सांध्यावर ठरते. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सांध्याचा रोध अवघा ०.१ ओहम असला, तरी तेवढ्याशा जागी साडेसात वॅट उष्णता निर्माण होत राहते. सांधा तापतो, गंजतो, त्याचा रोध वाढतो आणि अखेर तो जळतो.

निक्रोमच्या तारेवरील क्रोमियम ऑक्साइडचा थर तिला उष्णतेत टिकवितो; पण त्याच थरामुळे साधा डाक तिला नीट धरत नाही. म्हणून टोक दाबून बसवावे किंवा वेल्डिंगने जोडावे लागते. हाताच्या कामात कसब असते, तसा पाळीअखेरचा थकवाही असतो. स्वयंचलित यंत्र प्रत्येक सांध्यावरील दाब मोजून सदोष नग बाजूला काढू शकते.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. असे यंत्र लहान कारखानदाराला सहसा परवडत नाही. आणि ते आले, तर जोडणी करणाऱ्या कामगाराचे काय? तथापि सदोष सांध्याचा भुर्दंड ग्राहकाने सोसावा, हा रोजगाररक्षणाचा मार्ग नव्हे. १९८१ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने घरगुती विद्युत् उपकरणांना भारतीय मानकांचे बंधन घातले. मात्र केवळ बंधनाने साधन हाती येत नाही. केंद्राच्या लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. अशा केंद्रांत ही यंत्रे बसवावीत आणि सांधा जोडणाऱ्या कामगारालाच तो तपासण्याचे शिक्षण द्यावे. दोष ओळखणारी त्याची नजर वाया घालविणे उद्योगालाही परवडणारे नाही.