जत्रेत उंट कुठून आला?

मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते. तारीख कौल घेऊन ठरते आणि ती कळली की मुंबईतल्या चाकरमान्यांची गावी यायची धावपळ सुरू होते. जात-धर्म कुठलाही असो, इथल्या मुलाला जत्रा काय असते ते सांगावं लागत नाही.

तरीही परिसरातल्या एका शाळेत 'जत्रा' हे स्मरणचित्र घरून काढून आणायला सांगितलं, तेव्हा अनेक कागदांवर एकच पाळणा, एकच फुगेवाला आणि चक्क उंट आला! चित्रकलेच्या सरांनी कपाळावर हात मारला. "धा पोरांची जत्रा एकसारखीच कशी काय रे?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून सरांच्या तासाला मोबाईलचं नावही काढायचं नाही.

असे शिक्षक मागासलेले आहेत, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राची वेगळी परीक्षा असते. ती पाहिलेलं आठवण्याची आहे. इंटरमिजिएटला श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पालकांना चित्र हवं असतं, मुलाचं पाहणं नव्हे. मोबाईल तिथे सोपी वाट होतो. सरांचा राग या वाटेवर आहे.

पण सरसकट बंदीही मला मान्य नाही. लहानपणी आमच्या घरी माणसांची चित्रं काढण्याकडे नाराजीनेच पाहिलं जाई. कंपासने काढलेली नक्षी मात्र कुणाला खटकली नाही. माझ्यासाठी चित्रकलेचं दार त्या वर्तुळांनी उघडलं. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यावरचं कोरीवकाम मी पाहिलं ते फार उशिरा. आज तीच नक्षी वर्गातल्या भिंतीवर मोठी करून दाखवता येते. शेजारच्या कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीची चित्रकथी किंवा सावंतवाडीची गंजिफा रेघ न् रेघ दिसेल अशी जवळ आणता येते. सरांचा हात कसा वळतो, ते मागच्या बाकावरच्या मुलीलाही दिसू शकतं. आणि कंपास तरी काय आहे? तेही तंत्रज्ञानच की!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जे मूल स्वतः जाऊन पाहू शकत नाही, ते पडद्यावर दाखवा. जे दाराबाहेर आहे, ते पाहायला त्याला बाहेर पाठवा. पडदा बंद झाल्यावर हातात पेन्सिल आलीच पाहिजे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेला इतर विषयांशी जोडायला सांगितलं आहे. छान! पण चित्रकलेच्या शिक्षकाला पुरेशा तासिका आणि नीट प्रशिक्षण न देता नुसता प्रोजेक्टर दिला, तर उंट येतच राहणार.