रिसायकल्ड कागद वापरा, पण स्वस्त म्हणून नको



फोटो प्रिंटिंगचं छोटं काम सुरू करताना एक प्रश्न हमखास येतो: ब्लॅक अँड व्हाइट फोटोसाठी इंकजेटमध्ये रिसायकल्ड कागद चालेल का? खर्च वाचेल ना?

माझं मत स्पष्ट आहे. चालेल, पण खर्च वाचवायला नाही. वेगळा माल म्हणून विकायला.

आधी कागद समजून घ्या. फोटो पेपरवर शाई धरून ठेवणारा थर असतो. साध्या रिसायकल्ड कागदावर तो नसतो, त्यामुळे शाई आत मुरते आणि पसरते. गडद काळा राखाडी दिसतो, बारीक रेषा बोथट होतात, पांढराही जरा मळकट वाटतो. लग्नाच्या चकचकीत फोटोला हे चालणार नाही. पण जुना वाडा, धुक्यातला घाट, आजीचा सुरकुतलेला चेहरा? तिथे हाच मऊपणा शोभून दिसतो. अशा फोटोंची शुभेच्छापत्रं, पोस्टकार्डं करा आणि दर कागदाच्या किमतीवर नाही, दिसण्यावर लावा.

एक काम मात्र या कागदावर घेऊ नका: गेलेल्या माणसाचा भिंतीवर लावायचा फोटो. वर्तमानपत्राच्या रद्दीपासून बनलेल्या कागदात लिग्निन असतं आणि उजेडात तो पिवळा पडतो. तो फोटो त्या घरात वर्षानुवर्षं राहणार आणि घरचे तुमच्याच दुकानाचं नाव घेणार. पाच-दहा रुपयांसाठी ते नाव घालवायचं का?

पुनर्वापराचाच कागद हवा असेल, तर सुती चिंध्यांपासून बनलेला बघा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. तरी कागद आम्लमुक्त आहे का, हे विचारूनच घ्या. शाई पिगमेंटची वापरा. डाय शाई उजेडात लवकर फिकी पडते आणि पाणी लागलं की ओघळते. हातकागदाची सुटी धूळ आधी मऊ ब्रशने झाडा, नाहीतर नोझल तुंबतील. सेटिंग मॅटचं ठेवा, ग्लॉसीचं नको.

विकण्याआधी एक चाचणी कराच. एकच फोटो दोनदा छापा. एक उन्हाच्या काचेला चिकटवा, दुसरा वहीत ठेवा. महिन्याने दोन्ही शेजारी धरा. फरक दिसला, तर तो कागद फक्त कार्डांसाठी. आणि गिऱ्हाईकाला कागद कुठला, किती टिकेल, हे आधीच सांगा. खरं सांगून घेतलेली ऑर्डर परत भांडायला येत नाही.