सत्तर तासांचं गणित आणि आपलं ऑफर लेटर

मागच्या दिवाळीत कारध्याला घरी होते. भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडई, दंडार सुरू. सगळे निघायच्या तयारीत आणि हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत असलेला माझा चुलतभाऊ मांडीवर लॅपटॉप घेऊन कॉलवर. रजा मंजूर होती, तरी! आजीने विचारलं, "बाबू, सुट्टी हाय ना तुले?" तो नुसता हसला.

नंतर मी म्हटलं, "दादा, नाही म्हणून टाकायचं ना." तर म्हणतो, "लोनचा हप्ता तू भरशील?"

दोस्तांनो, आयटीतलं 'वर्क कल्चर' समजायला हे एक वाक्य पुरेसं आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती म्हणाले की, देशासाठी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. त्यावर मीम्स भरपूर आले, पण कायदा काय म्हणतो हे फार कमी जणांनी पाहिलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे आणि असा ओव्हरटाइम २०२५ पर्यंत तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास होता.

आता गणित करा. ७० वजा ४८ म्हणजे आठवड्याला २२ तास जादा. तीन महिन्यांचे १३ आठवडे धरले तर २८६ तास! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजचे ९ तास १० करायला आणि ओव्हरटाइमची मर्यादा १४४ तासांवर न्यायला मान्यता दिली. त्या वाढीव मर्यादेच्याही हे जवळपास दुप्पट होतं.

मग कायदा असून दादाला ओव्हरटाइम का मिळत नाही? एक पळवाट पदाच्या नावात असते. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीचं काम करणाऱ्यांना हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे पदाचं नाव भारी वाटलं तरी ते कधी कधी महागात पडू शकतं. दुसरं कारण म्हणजे भीती. २०२५ मध्ये टीसीएसने वर्षात जास्तीत जास्त ३५ दिवस 'बेंच'वर, म्हणजे प्रोजेक्टविना, असा नियम आणला. जुलैमध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करणार असल्याचंही जाहीर केलं. अशा हवेत रात्री साडेदहाचा कॉल कोण कापणार?

आणि फ्रेशर? २०२२ मध्ये इन्फोसिसची ऑफर मिळालेले कित्येक जण दोन-अडीच वर्षं ताटकळले आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रुजू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून ३०० हून जास्त प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं गेलं. तीन संधींत अंतर्गत परीक्षा पास झाली नाही तर नोकरी नाही, ही अट करारातच होती, असं कंपनीचं म्हणणं. पुण्यातली 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना यावर केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली. चूक कुणाची यावर वाद होऊ शकतो. पण अट कागदावर होती, हे आपल्या कामाचं.

ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक पुन्हा मांडलं. हिंजवडी त्यांच्याच मतदारसंघात येते. पण खासगी विधेयकं क्वचितच कायदा होतात. तोवर आपलं आपण बघायचं.

म्हणून कॅम्पसला कंपनी आली की पॅकेजचा आकडा ऐकून नाचू नका. विचारा: जॉइनिंगची तारीख लेखी देणार का? प्रशिक्षणात नापास झालो तर काय? बाँड किती वर्षांचा, नोटीस पीरियड किती? ओव्हरटाइमचं काय? आणि त्याच कंपनीत गेलेल्या सीनियरला फोन करून विचारा, सुट्टीत लॅपटॉप घरी आणतोस का? पाहुण्यांसमोर तो सांगणार नाही, एकट्यात नक्की सांगेल.

दादाने नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही. हप्ते अजून तीन वर्षं आहेत. पण या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं प्लेसमेंट आहे, आणि कागद आम्ही तिघं मिळून वाचणार आहोत. तुमचा कोण वाचणार?