दोनशे घरांचं गाव आणि आपल्या लेकी



गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीतल्या पाच-सहा घरांतल्या लेकी-सुना ऑस्ट्रेलियात गेल्या. त्यातल्या निम्म्या सिडनी-मेलबर्नला नाहीत. नाव ऐकून दोनदा विचारावं लागतं अशा गावांत आहेत. आणि लग्नाकार्यात भेटलं की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "अगं, तिथे माणूसच नाही म्हणे! कधी निघणार ती तिथून?" जणू मुलगी शिक्षा भोगायला गेलीय आणि सुटकेची तारीख मोजायची आहे.

मला हे सरसकट पटत नाही. माझी स्वतःची लेक अशा गावात चौथं वर्ष काढतेय. मी दोनदा जाऊन राहिलेय, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर थंडीत. त्या अनुभवावर हे लिहितेय. गावाचं नाव लिहायचं नाही, असं तिने बजावलंय. "आई, इथे कुणाची शिंक ऐकली तरी कुणाची ते कळतं!" एवढंच सांगते की व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे ३०० किलोमीटरवर, विमेरा म्हणतात त्या सपाट मुलखात ते आहे. घरं दोनशेच्या आतबाहेर. एक किराणा दुकान, तेच पोस्ट. एक प्राथमिक शाळा, एक सभागृह, महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांच्या नावांचा एक दगड. आणि रेल्वेच्या रुळाशेजारी धान्याच्या उंचच उंच कोठ्या, तिकडे सायलो म्हणतात त्या.

आधी तिथली पोरं का जातात ते नीट सांगते, कारण आपल्याकडे त्याबद्दल बराच गोंधळ आहे. बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांना तिकडे साधारण दहा वर्षं, डॉक्टरांची टंचाई आहे अशाच भागात सरकारी विम्याखाली पेशंट तपासता येतात. भाग जितका दूरचा, तितकी ही मुदत कमी होते. आमचे जावई त्या नियमाने गेले. इतरांसाठी २०१९ पासून एक प्रादेशिक व्हिसा आहे. त्यात मोठी शहरं सोडून बाहेर राहायचं, काम करायचं, आणि तीन वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा. म्हणजे ही पोरं कुणाच्या नजरेतून उतरली म्हणून खेड्यात पडलेली नाहीत. त्या देशाला तिथे माणसं हवीत.

आता तुम्ही शिरोळ-हातकणंगल्याकडच्या, किंवा माझ्यासारख्या सांगलीच्या बाजूच्या असाल, तर विमेराची जमीन बघून तुम्हालाही घरच्यासारखं वाटेल. करडी-काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. माझे वडील असते तर वाकून मूठभर माती उचलली असती. फरक एवढाच की आपल्याकडे दोन एकरांच्या वाटणीवरून भाऊ भाऊ बोलत नाहीत, आणि तिथे एकेक कुटुंब शेकडो, कधी हजारो हेक्टर कसतं. पाऊस हिवाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पेरायचं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात काढायचं. गहू, जव, मोहरीसारखं कॅनोला, आणि मसूर! हो, आपला मसूर. आपल्याकडे वाण्याकडून आणलेल्या मसूर डाळीत ऑस्ट्रेलियाचे दाणे असणं काही नवलाचं नाही.

मी बी.कॉम. झाल्याचा उपयोग आयुष्यभर दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ठेवण्यापलीकडे फारसा झाला नाही, पण तिथे मात्र झाला. शेजारच्या शेतकरीणबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या सरकारने आम्हाला चांगलंच बसवलं होतं." मी चकित. त्या बोलत होत्या २०१७ च्या डिसेंबरबद्दल. तेव्हा भारताने हरभरा आणि मसूर यांवर ३० टक्के आयात शुल्क लावलं, आणि हरभऱ्यावरचं तर पुढच्या तीनेक महिन्यांत ६० टक्क्यांवर नेलं. इथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ते केलं, आणि लातूरच्या बाजारात तूर-हरभरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं दुःख मी जाणते, म्हणून मी त्याला चूक म्हणणार नाही. पण एका रात्रीत दिल्लीत निघालेल्या कागदाने नऊ-दहा हजार किलोमीटरवरच्या बाईने त्या वर्षी नवीन गाडीचा विचार सोडून दिला, हेही खरं. त्या बाईंनी जन्मभर मसूर पिकवला आणि आमटी कधी चाखली नव्हती. मी करून दिली, धने-जिऱ्याची, लसूण न घालता. त्यांनी वाटी पुसून खाल्ली आणि विचारलं, "याला एवढंच लागतं?"

आता बँकेची गोष्ट, जी मला सगळ्यांत आवडली. नव्वदच्या दशकात मोठ्या बँकांनी तिकडच्या खेड्यांतल्या शाखा धडाधड बंद केल्या. शाखा गेली की लोक पैसे काढायला मोठ्या गावी जातात, तिथेच किराणा घेतात, आणि गावातलं दुकानही मरतं. विमेरातल्या रुपन्युप आणि मिनयिप या दोन चिमुकल्या गावांनी १९९८ साली काय केलं, तर लोकांनीच वर्गणीसारखे शेअर घेऊन स्थानिक कंपनी काढली आणि बेंडिगो बँकेशी करार केला. परवाना आणि ठेवींची हमी बँकेची, शाखा चालवायची गावाच्या कंपनीने, उत्पन्न दोघांत वाटायचं, आणि गावाच्या वाट्यातला मोठा भाग गावासाठीच वापरायचा. देशातली ही असली पहिली शाखा. पुढे तिची नक्कल होत होत अशा शाखा तीनशेच्या वर गेल्या. आपल्याकडे पतसंस्था, दूध सोसायटी, विकास सोसायटी यांत वाढलेल्या बाईला हे ऐकून ऊर भरून येणारच. आणि थोडी लाजही वाटते, कारण आपल्या किती पतसंस्थांचं पुढे काय झालं ते आपण जाणतो.

तेव्हा "तिथे माणूसच नाही" हे खोटं आहे. माणूस कमी आहे, म्हणून प्रत्येकाला तीन-तीन कामं आहेत. दुकानदार आग विझवायच्या पथकात असतो, तेही बिनपगारी. शेतकऱ्यांच्या गाड्यांवर उन्हाळाभर पाण्याची टाकी आणि पंप चढवलेला असतो. धूर दिसला की ज्याच्या शेतात असेल तिकडे सगळे धावतात. फुटबॉलचा संघ अठरा जणांचा, आणि अठरा पोरं एका गावात मिळत नाहीत, म्हणून पूर्वी एकमेकांशी भांडणारी गावं एक संघ करतात. मिनयिप आणि मुर्टोआ यांचा संघ असाच एक झालाय. शनिवारी मुलगे फुटबॉल, मुली नेटबॉल, आणि मैदानाच्या कडेने सगळं गाव.

आणि बायका. तिकडे १९२२ पासून कंट्री विमेन्स असोसिएशन आहे. आपल्या महिला मंडळासारखीच, पण कामं बघा. शेतावरून बाजाराला आलेल्या लेकुरवाळ्या बाईला बसायला, बाळाला पाजायला जागा नसे, म्हणून त्यांनी गावोगावी विश्रांतीच्या खोल्या काढल्या, बाळांच्या तपासणीची केंद्रं काढली. नुसती स्कोन आणि जॅम करणाऱ्या बायका म्हणून त्यांची थट्टा होते, ती थट्टा करणाऱ्यांनी हे वाचावं. लेकीला पहिल्याच महिन्यात बोलावणं आलं, "येताना प्लेट घेऊन या." प्लेट म्हणजे रिकामी ताटली नव्हे, त्यात काहीतरी करून आणायचं! ती शंकरपाळे घेऊन गेली आणि डबा रिकामा आला.

खाण्याचं तुम्ही विचारणारच. अडचण आहे, खोटं कशाला सांगू. मुलूख मेंढ्यांचा, जेवण मांसाचं, केक अंड्याचा. पण अँझॅक बिस्किटांत मुळात अंडं नसतं. ओट, मैदा, साखर, खोबरं, लोणी आणि पाक घालून ती होतात. स्कोनही पुष्कळ बायका अंड्याशिवाय करतात. विचारायला लाजायचं नाही. आणि गंमत म्हणजे चौविहार मेलबर्नपेक्षा तिथे सोपा. शेतकरी घरात रात्रीचं जेवण सहाला होतं, त्याला ते "टी" म्हणतात. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. थंडीत सव्वापाचलाच, तेव्हा मात्र तारांबळ. देरासर नाही, तीनशे किलोमीटर जावं लागतं. पर्युषणात लेक रजा काढून मेलबर्नला जाते. बाकी सामायिक करायला लागते ती शांतता तिथे इतकी आहे की पहिल्या दिवशी मला तिचीच भीती वाटली.

उणं बरंच आहे. बाळंतपणाला दूर जावं लागतं. हायस्कूलची बस मुलांना तासभर घेऊन जाते. अंधारात गाडी चालवायची म्हणजे कांगारू आडवे येतात. घरात बसून राहणाऱ्या बाईला तो सपाट मुलूख खायला उठतो. जी सून "तीन वर्षं कशीबशी काढायची" म्हणून सामानाच्या पेट्याही न उघडता बसली, तिचे हाल मी पाहिलेत. तिची मला कीव येते, पण तिला तसं शिकवून पाठवणाऱ्या आपणच, हेही म्हणते. रोज फोनवर "कंटाळा येत असेल ना गं?" विचारलं की न आलेला कंटाळाही येतो.

याच भागात निल नावाचं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव आहे. २०१० पासून तिथे ब्रह्मदेशातले करेन निर्वासित येऊन राहिले. काम बदकांच्या मांसाच्या कारखान्यातलं, ते आपल्याला रुचणारं नाही. पण त्या कारखान्याच्या लोकांनी आधी गावाला तयार केलं, मगच माणसं आणली. २०१५ साली एका अभ्यासात अंदाज निघाला की पाच वर्षांत त्या भागाच्या अर्थकारणात सुमारे ४.१५ कोटी डॉलरची भर पडली. नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी हे केलं. आपल्या मुली तर डिग्र्या, दागिने आणि आयांचे लोणच्याचे डबे घेऊन जातात.

आता आमच्या घरातला प्रश्न. जावयांची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. माझ्या सासरचे, माहेरचे, स्वतः आमचे हे, सगळ्यांचं एकच, "आता मेलबर्नला घर घ्या. आपली माणसं, देरासर, नातवाला चांगली शाळा." लेकीला राहायचंय. ती गावातल्या तीन-चार शेतकऱ्यांची हिशेबाची वही बघते, आणि शाळेत मुलं एकवीस आहेत. दोन घरं हलली तर एक शिक्षिका कमी होईल, हे तिला बाईंनी सांगितलेलं नाही, तिनेच मोजलंय. मी तिच्या बाजूची आहे. आपली गावं ओस पडताना आपण पाहिली. माझ्या माहेरच्या गल्लीत सात घरांना कुलूप आहे, आणि त्या कुलपांबद्दल हळहळणारे आपण सगळे शहरात राहतो. परक्या गावाचं कुलूप आपली लेक थांबवत असेल, तर तिला मागे ओढायला मी जाणार नाही. नातवाला मराठी आणि णमोकार मंत्र शिकवायची जबाबदारी माझी, ती मी रविवारी सकाळी व्हिडिओवर पार पाडते. इकडचे सात वाजले की तिकडे दुपार असते, आणि तो मांडीवर मांजर घेऊन बसतो.

यांना हे अजून पटलेलं नाही. मार्चमध्ये ते पहिल्यांदा तिकडे येतायत. लेकीने बजावून सांगितलंय की बाबांना भर पेरणीत गाडीत बसवून शेत दाखवायचं, तेव्हा परतीचं तिकीट मेच्या शेवटाचं काढ.