समजून घ्या : व्हिएतनाममध्ये दर तिसरा माणूस ‘न्गुयेन’ का असतो?

आडनाव म्हणजे घराण्याची ओळख, असे आपण धरून चालतो. व्हिएतनाममधील सर्वाधिक प्रचलित आडनावाने हा समज खोटा ठरवला आहे. तरीही जगभरातील ऑनलाइन फॉर्म अजून त्याच समजावर चालतात आणि त्याचा त्रास माणसांना होतो.

गेल्या काही वर्षांत मुंबईसह भारतातील शहरांतून व्हिएतनामला थेट विमाने सुरू झाली. तिथे जाऊन आलेल्यांना एक गोष्ट हमखास जाणवते. हॉटेलचा रिसेप्शनिस्ट, गाइड, टॅक्सीचालक, दुकानावरची पाटी, सगळीकडे एकच नाव दिसते : न्गुयेन. व्हिएतनामची लोकसंख्या सुमारे १० कोटी आहे. वेगवेगळ्या अंदाजांनुसार त्यातील ३० ते ४० टक्के लोकांचे आडनाव न्गुयेन आहे. म्हणजे किमान तीन कोटी माणसे. हे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत का? अजिबात नाही.

उच्चार नेमका कसा?

‘न्गुयेन’ ही रोमन स्पेलिंगवरून आलेली सोय आहे. इंग्रजी बोलणारा या नावापाशी अडखळतो, कारण त्याच्या भाषेत ‘एनजी’ने शब्द सुरू होत नाही. मराठीत मात्र त्यासाठी अक्षरच आहे : ‘वाङ्मय’मधला ‘ङ’. उत्तर व्हिएतनाममधील उच्चार साधारण ‘ङ्विएन’ असा, एका दमात आणि मध्येच मोडून वर जाणाऱ्या सुरात होतो.

हे आडनाव आले कुठून?

मूळ चिनी आहे. चीनमध्ये ‘रुआन’ या आडनावासाठी जी चित्रलिपीतील खूण वापरतात, तिचाच व्हिएतनामी उच्चार न्गुयेन. त्याच नावाचे एक तंतुवाद्यही चीनमध्ये आहे. उत्तर व्हिएतनाम इ. स. पूर्व १११ पासून इ. स. दहाव्या शतकापर्यंत, मधले काही खंड सोडले तर, चिनी अंमलाखाली होता. या काळात चिनी धर्तीचा कारभार आला आणि त्याबरोबर आडनावेही रुजली. म्हणजे सुरुवातीपासूनच आडनावाचा संबंध घरापेक्षा सरकारी दप्तराशी अधिक होता.

मग ते इतके पसरले कसे?

याचे उत्तर सत्तांतरांत आहे. १२२५ मध्ये ली घराण्याची सत्ता गेली आणि त्रान घराणे गादीवर आले. १२३२ मध्ये त्रान दरबाराने ली आडनावाच्या लोकांना न्गुयेन हे आडनाव घ्यायला लावले. कारण असे दिले गेले की त्रानांच्या एका पूर्वजाचे नाव ‘ली’ होते आणि ते उच्चारणे निषिद्ध होते. पण जुन्या राजघराण्याचे नाव लोकांच्या तोंडातून पुसले जावे, हा हेतूही लपून राहिला नाही.

पुढेही असे घडत राहिले. १५९२ मध्ये माक घराण्याचा पाडाव झाल्यावर त्याच्या वंशजांनी जीव वाचवण्यासाठी आडनावे बदलली. त्यांपैकी अनेकांनी न्गुयेन स्वीकारले, असे सांगितले जाते. हरलेल्यांना लपायला गर्दीचे आडनाव सोयीचे होते आणि प्रत्येक पराभवानंतर ही गर्दी वाढत गेली.

आडनाव शिक्षा म्हणून मिळे, तसे बक्षीस म्हणूनही मिळे. १४२८ मध्ये चिनी मिंग सैन्याला हटवून राजा झालेल्या ले लोई याने आपल्या साथीदारांना स्वतःचे ‘ले’ आडनाव बहाल केले. त्यांत न्गुयेन त्राई हे विद्वान कवीही होते.

राजाचे आडनाव म्हणून फायदा झाला का?

नक्कीच झाला. १५५८ पासून दक्षिणेत न्गुयेन सरदारांचा जम बसला. अठराव्या शतकात त्यांच्याविरुद्ध ताय सन बंधूंनी बंड केले. गंमत म्हणजे हे बंधू मूळचे ‘हो’ आडनावाचे होते, पण त्यांनीही न्गुयेन हेच आडनाव लावले होते. अखेर १८०२ मध्ये सम्राट जिया लाँग यांनी ह्वे शहरात न्गुयेन राजवंशाची स्थापना केली. हा वंश १९४५ मध्ये सम्राट बाओ दाई यांनी पदत्याग करेपर्यंत, म्हणजे १४३ वर्षे टिकला. या काळात राजाचे आडनाव असणे प्रतिष्ठेचे आणि सुरक्षित झाले.

पण खुद्द राजकुळातील अनेक शाखा ‘तोन थात’ असे वेगळे नाव लावत. त्यामुळे आजचा न्गुयेन हा राजाचा वंशज असेलच असे नाही. त्याचे पूर्वज कोण होते, हे आडनाव सांगत नाही. त्यांनी कोणत्या सत्ता पाहिल्या, एवढाच अंदाज त्यावरून बांधता येतो.

तीन कोटी न्गुयेन एकमेकांना ओळखतात कसे?

व्हिएतनामी लोकांनी याचा साधा तोडगा काढला आहे : आडनाव वापरायचेच नाही. तिथे आधी आडनाव, मग मधले नाव आणि शेवटी स्वतःचे नाव येते. हाक मारताना शेवटचे नाव वापरतात, तेही वयानुसार दादा, ताई, काका असे नाते जोडून. हा आदरयुक्त, औपचारिक बोलण्याचाही भाग आहे. म्हणून व्हो न्गुयेन जियाप हे जगाला ‘जनरल जियाप’ म्हणून माहीत आहेत. शाळेतील हजेरीपटही स्वतःच्या नावानुसार लावतात. लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. सरकारी कामासाठी १२ अंकी नागरिक क्रमांक आहे आणि २०२१ पासून ओळखपत्रावर चिपही आहे. म्हणजे तीन कोटी न्गुयेन असूनही देशाचा कारभार अडत नाही.

मग अडचण कुठे येते?

देशाबाहेर. १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर लाखो व्हिएतनामी निर्वासित झाले. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत न्गुयेन हे तिथले ३८व्या क्रमांकाचे आडनाव ठरले. तेव्हा ४ लाख ३७ हजारांहून अधिक लोक ते लावत होते. या देशांतील फॉर्म ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ विचारतात आणि हाक आडनावाने मारतात. म्हणजे ज्या शब्दाने माणूस ओळखू येतो तो मागे पडतो आणि ज्याने काहीच कळत नाही तो पुढे येतो. शोधनिबंधात ‘न्गुयेन टी.’ असे छापले की तो नेमका कोण, हे ओळखणे अवघड होते.

प्रश्न फक्त सॉफ्टवेअरचा नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्राध्यापकाने न्गुयेन आडनावाच्या विद्यार्थिनीला तिचे नाव बदलून इंग्रजी वळणाचे करायला सांगितले. प्रकरण गाजल्यावर त्याला रजेवर पाठवण्यात आले. १२३२ मधला दरबार आणि हा वर्ग यांत जवळपास आठशे वर्षांचे अंतर आहे. अपेक्षा मात्र तीच, वरचढ माणसाच्या सोयीसाठी दुसऱ्याने नाव बदलावे.

भारतीयांनाही हे नवीन नाही. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना प्रवेश देणार नाही, असे संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा आडनाव न लावणाऱ्या अनेक भारतीयांची पंचाईत झाली होती.

उपाय काय?

तो अवघड नाही. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने याबाबत मार्गदर्शन केले आहे. शक्य तिथे पूर्ण नाव एकाच रकान्यात घ्यावे, हवे तर ‘आपल्याला काय म्हणून संबोधावे’ असे वेगळे विचारावे. ओळख पटवायची असेल तर क्रमांक वापरावा, आडनाव नव्हे. बँक, विमान कंपनी किंवा विद्यापीठ यांच्यासाठी हा फॉर्ममधील एका रकान्याचा बदल आहे. तो टाळण्यासाठी तांत्रिक कारण देता येणार नाही.

न्गुयेन हे आडनाव बहुतेकांच्या वाट्याला त्यांना न विचारता आले. निदान त्यांना हाक कोणत्या नावाने मारायची, हे तरी त्यांना विचारायला हवे.