गुणसूत्रांचा अहवाल आणि कायद्याची रेषा

गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष ओळखण्यासाठी १९७०च्या दशकात भारतात आलेली गर्भजलपरीक्षा अल्पावधीतच मुलीचा गर्भ हुडकण्याचे साधन बनली. तंत्राच्या दृष्टीने यात नवल नव्हते. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत ज्या चित्रात दिसते, त्यातच एक्स आणि वायही दिसतात. मुंबईतील स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. दोष शोधण्यास मुभा, लिंग सांगण्यास बंदी, अशी ही रेषा आहे. अहवाल एकच, त्यातला अर्धा भाग मात्र डॉक्टरने गिळून टाकायचा!

माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे कळले १९५६ मध्ये. त्याआधी ती ४८ मानली जात. १९५९ मध्ये डाऊन सिंड्रोममागील जादा गुणसूत्र उजेडात आले. त्याच वर्षी दोन एक्स व एक वाय असलेला पुरुष आणि एकच एक्स असलेली स्त्री यांच्या अभ्यासातून मानवात पुरुषत्व वाय ठरवतो हे स्पष्ट झाले. निसर्गाच्या चुकीनेच नियम उघड केला. हा वाय केवळ पित्याकडून येतो. मुली झाल्या म्हणून आजही बोल मात्र सुनेलाच लावला जातो.

आता ही रेषा आणखी पुसट झाली आहे. गर्भाच्या डीएनएचे अंश आईच्या रक्तात सापडतात, हे डेनिस लो व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. त्यावर आधारलेली चाचणी दहाव्या आठवड्याच्या सुमारास, केवळ हातातून रक्त घेऊन होते. लिंगही तिला कळू शकते. शिवाय ही चाळणी आहे, निदान नव्हे. दोषाची शंका आल्यास गर्भजल किंवा वारेचा नमुना तपासूनच खात्री करावी लागते. तरुण मातांमध्ये मुळात दोषच विरळ असल्याने खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण अधिक असते, हे त्या दांपत्याला कोणीतरी सांगायला हवे.

खरा पेच त्यापुढे आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका महिलेला डाऊन सिंड्रोम असलेल्या २६ आठवड्यांच्या गर्भाच्या गर्भपाताची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. २०२१च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केल्यास २४ आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. परंतु अशा व्यंगांची यादी कायद्यात नाही. तेरावे किंवा अठरावे गुणसूत्र जादा असलेली बहुतेक बालके वर्षभरही जगत नाहीत. डाऊनची अनेक मुले शाळेत जातात, कामे शिकतात, साठीपर्यंतही पोहोचतात. अहवालावर दोन्हींसाठी शब्द एकच असतो, ‘गुणसूत्रदोष’; आणि त्यांतला फरक समजावणारा जनुकीय समुपदेशक बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सहजी भेटत नाही.