मुलांच्या व्हिसाचे काय?

जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला 10 हजार कुशल कामगार पुरवण्याचा करार महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये केला. त्यासाठीच्या जर्मन भाषावर्गांचा गाजावाजा झाला. जाणाऱ्याच्या मुलाबाळांबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. आई किंवा बाप आधी एकटा जातो, लेकरे आजीपाशी राहतात. त्यांना न्यायचे तर जर्मनीत मूल 18 वर्षांखालचे व अविवाहित लागते, वर कुटुंबाच्या पोटापाण्याची तजवीज दाखवावी लागते. ब्रिटनने तर 11 मार्च 2024 पासून नव्याने जाणाऱ्या केअर वर्करना मुले आणण्याची मुभाच काढून घेतली. वृद्धांची सेवा करायला माणूस हवा होता, त्याचे मूल नको!

छत्रपती संभाजीनगरात याला आणखी एक पदर आहे. शहराचे नाव 2023 मध्ये बदलले. बापाच्या पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद, मुलाच्या नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. त्यात कित्येक जुन्या जन्मनोंदींत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. नाव लावून घ्यायची आठवण व्हिसाच्या वेळी होते, आणि मग धावाधाव. 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा नंतर जन्मलेल्यांना तर पासपोर्टसाठी जन्मदाखल्यावाचून गत्यंतर नाही.

दोन्ही नावे एकाच शहराची असल्याचा द्विभाषिक दाखला महापालिकेने मागताक्षणी द्यावा; त्याला खर्च तो काय? आणि सरकारने भाषावर्गाच्या पहिल्याच आठवड्यात उमेदवाराला मुलांचे नियम सांगावेत. एजंटांच्या तोंडून ते नेहमी उशिराच कळतात, बहुधा पैसे भरून झाल्यावर.